दगडावर उमटलेला माळढोक

माळढोकाची शास्त्रीय ओळख जगाला झाली ती लंडनमध्ये, १८३१ साली, आणि ओळख करून देतानाच त्याचा पत्ता चुकला. निकोलस व्हिगर्स यांनी पक्ष्याचं वर्णन छापलं, त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि ठिकाण म्हणून हिमालय नोंदवला. हिमालयातल्या पक्ष्यांचा म्हणून जो संग्रह विलायतेला पोचला होता, त्यात याचंही कातडं होतं. त्यामुळे जॉन गूल्डच्या ‘अ सेंच्युरी ऑफ बर्ड्स फ्रॉम द हिमालया माउंटन्स’ या ग्रंथात मोनाल, ट्रॅगोपान अशा डोंगरी मंडळींच्या पंगतीला हा सपाट माळावरचा पाहुणा जाऊन बसला. चढाशी आणि जंगलाशी ज्याचं काही देणंघेणं नाही, असा पक्षी!

ग्रंथावर नाव जॉन गूल्डचं आहे. त्यातली ऐंशी चित्रं मात्र त्याच्या बायकोने, एलिझाबेथने, दगडावर काढली. जॉन मूळचा कातडी भरणारा कारागीर, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत नोकरीला. तो कच्चे आराखडे काढून द्यायचा आणि पक्का व्यवहार सांभाळायचा. लग्नाआधी एलिझाबेथ एका घरात मुलांना शिकवत होती. शिळामुद्रण ती या ग्रंथासाठीच शिकली. चित्रांखाली छापलेलं आहे की ही चित्रं निसर्गावरून आणि थेट दगडावर काढली. यातला दगड खरा. निसर्ग म्हणजे कापूस भरलेलं कातडं आणि काचेचे डोळे. भारतात ती कधीच आली नाही.

संकटात सापडलेले देशी पक्षी आणि त्यांची छापील व रंगवलेली चित्रं हा विषय समजून घ्यायचा, तर सुरुवात या चित्रापासून करावी. विषयाची खोच त्यातच आहे. मुद्राचित्र जन्माला येतं तेच अनेक होण्यासाठी, आणि इथे ज्याचं चित्र काढायचं तो पक्षी दिवसेंदिवस कमी होत चाललेला. माळढोक आज जंगली अवस्थेत दीडशेच्या आत उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. अशा पक्ष्याचं चित्र बघताना ‘किती सुंदर’ म्हणून पुढे जाणं पुरेसं नाही. दोन साधे प्रश्न विचारावेत: चित्रकाराने हा जीव जिवंत बघितला होता का? आणि छापलेल्या प्रती गेल्या कुठे?

पहिल्या प्रश्नाआधी हे काम होतं कसं ते जवळून पाहू. शिळामुद्रणासाठी बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला अगदी बारीक पोताचा चुनखडीचा दगड लागतो. वाळू आणि पाणी टाकून, दुसऱ्या दगडाने घासघासून त्याला हवा तेवढा खरखरीतपणा आणायचा. मग तेलकट खडूने त्यावर चित्र काढायचं, तेही उलटं, कारण कागदावर डावीकडचं उजवीकडे जाणार. त्यानंतर आम्ल मिसळलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं. दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवला की तेलकट रेघा शाई धरतात आणि ओली जागा ती झिडकारते. कागद ठेवून यंत्राखालून काढला की काळा छाप हातात येतो. रंग नंतर, प्रत्येक प्रतीवर वेगळे, हाताने. रंगारी समोर एक नमुना ठेवून बसत आणि पानामागून पान भरत जात. त्यांनी पक्षी तर सोडाच, त्याचं कातडंही बघितलेलं नसे.

या तंत्राला पिसं फार चांगली जमतात. माळढोकाच्या तपकिरी पाठीवर केसाएवढ्या काळ्या नागमोडी रेघांची जाळी असते. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरायची तर प्रत्येक रेघ टोकदार आणि कडक होते. खडू दगडाच्या कणांवरून हलका फिरवला तर तीच जाळी मऊ दिसते. पांढऱ्या मानेला तर रंगच नको, कागद तसाच सोडला की मान तयार.

जे कातड्यात नसतं, ते मात्र कुठल्याच खडूला जमत नाही. विणीच्या हंगामात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी हवेने फुगवतो. ती छातीखाली लोंबते, शेपूट पाठीवर उलटं येतं, पंख खाली सुटतात आणि हा मीटरभर उंचीचा पक्षी गवतात उभा राहून दूरवर ऐकू जाणारा खोल हुंकार देतो. मेलेल्या पक्ष्याची ती पिशवी सुकून कातड्याच्या घडीत नाहीशी होते. समोर नुसतं कातडं असेल, तर चित्रकाराला या सगळ्याचा सुगावा लागणं कठीणच.

एलिझाबेथचा कमीपणा दाखवण्यासाठी हे सांगितलेलं नाही. संधी मिळाली तेव्हा तिचा हात किती मोकळा झाला, ते पुढे दिसलंच. १८३८ ते १८४० ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात होती. तिथे ताजे आणि जिवंत पक्षी समोर होते, ज्या झाडांवर ते बसत ती झाडंही होती. परतल्यावर वर्षभरात, १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर ती गेली. वय होतं सदतीस. ‘बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया’साठी तिने ८४ चित्रं पुरी केली होती. उरलेल्या शेकडो चित्रांचं काम हेन्री रिक्टरकडे गेलं. जॉनने तिच्या स्मरणार्थ एका रंगीबेरंगी फिंचला तिचं नाव दिलं. आता तो पक्षीही ऑस्ट्रेलियाच्या संकटग्रस्त यादीत आहे.

जिवंत पक्ष्यासमोर बसायचा हट्ट त्याच काळात एका पोराने धरला होता. एडवर्ड लिअर तेव्हा अठरा वर्षांचा. विनोदी कवितांचा लिअर पुढचा, आधीचा लिअर हा पोपटांचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात रखवालदाराला पोपट धरून ठेवायला सांगायचा, त्याची मापं घ्यायची, मग तो फांदीवर बसला की समोर बसून रेखाटायचं, असा त्याचा क्रम. १८३२ पर्यंत त्याची ४२ चित्रं छापून झाली, प्रत्येकाच्या १७५ प्रती. दगड विकत घ्यायची ऐपत नव्हती. प्रती पुऱ्या झाल्या की चित्र घासून काढायचं आणि त्याच दगडावर पुढचा पोपट सुरू करायचा. त्याच्या पोपटांच्या माना वळलेल्या असतात, एखादं पीस विस्कटलेलं असतं, डोळ्यांत संशय असतो. शेजारी गूल्डच्या ग्रंथाचं पान ठेवलं की फरक सांगावा लागत नाही.

याच संग्रहात एक निळा मकाऊ आहे. लिअरला तो हायसिंथ मकाऊ वाटला. १८५६ मध्ये बोनापार्ट या पक्षीशास्त्रज्ञाने ही वेगळीच जात असल्याचं दाखवलं आणि तिला लिअरचं नाव दिलं. आता गंमत बघा. पक्ष्याचं चित्र होतं, नाव होतं, पिंजऱ्यातून तो विकलाही जात होता. पण तो राहतो कुठे, हे शास्त्राला माहीत नव्हतं. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या कोरड्या मुलखात, कड्यांच्या कपारींत हेल्मुट झिक यांना तो सापडला १९७८ साली. तेव्हा अगदी मोजके पक्षी उरले होते. राखण झाली आणि आज ती संख्या हजारावर गेली आहे. खुद्द लिअर १८७३ मध्ये निसर्गचित्रकार म्हणून मुंबईला उतरला आणि वर्षभराहून थोडा अधिक काळ हिंदुस्थानभर हिंडला. त्या मुक्कामातली त्याची ‘कमरबंद’वरची विनोदी कविता १८७४ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. तोवर पोपट केव्हाच मागे पडले होते. बारीक कामाने डोळे ताणतात, म्हणून त्याने ते सोडलं होतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे हे सगळं दोनशे वर्षं आधी झालं होतं. बरोबर आहे. मुघल बादशहा जहांगीरच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंच रंगवला तेव्हा युरोपातल्या शास्त्राला त्या पक्ष्याचं नावही माहीत नव्हतं. ते नाव पडायला पुढे दीडशे वर्षं जावी लागली. मन्सूरचं हे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात डोडोचं एक चित्र आहे, तेही त्याचंच मानलं जातं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, म्हणजे तो पक्षी आपल्या किनाऱ्यावर आला होता हे नक्की. डोडो संपला. सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला आला नाही. कोलकात्यात १७७७ नंतर लेडी इम्पी या इंग्रज बाईंच्या खासगी प्राणिसंग्रहासमोर बसून पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांनी तीनशेहून अधिक चित्रं केली. त्यांतली निम्म्याहून जास्त पक्ष्यांची आहेत. तंजावरला सरफोजी राजे भोसल्यांच्या दरबारातही पक्ष्याप्राण्यांची चित्रं काढून घेतली जात.

पण ही सारी एकेक प्रतीची चित्रं. बादशहाच्या मुरक्क्यात म्हणजे चित्रसंग्रहात, मडमेच्या पेटीत, राजाच्या ग्रंथालयात राहणारी. सरफोजी राजांची गोष्ट तर चुटपूट लावणारी आहे. त्यांच्याकडे देवनागरी खिळ्यांचा छापखाना होता, १८०६ मध्ये त्यावर इसापनीतीचा मराठी अवतार ‘बालबोध मुक्तावली’ छापला गेला. एकाच दरबारात चित्रकार आणि छापखाना दोन्ही असूनही मराठी मुलुखाला छापील पक्षी काही मिळाला नाही.

पुढे मिळाले ते देव. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसने याच दगडाच्या तंत्राने, प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या. मोराला सरस्वतीच्या शेजारी जागा मिळाली, बाकीच्या पाखरांना क्वचितच. भाविकांच्या देशात यात नवल नाही, तरी किंमत मोजावी लागलीच. इथल्या माणसाच्या डोळ्यांत देवीच्या साडीचा काठ पक्का बसला, शेजारच्या माळावरचा पक्षी बसला नाही. पक्ष्यांची छापील चित्रं बहुतेक लंडनहून यायची आणि साहेबाच्या कपाटात जायची. मद्रासला डॉ. जर्डन यांनी १८४० च्या दशकात देशी चित्रकारांकडून पन्नास पक्षी काढून घेऊन छापले, तो सन्माननीय अपवाद.

आता दुसरा प्रश्न: प्रती गेल्या कुठे?

न्यूझीलंडच्या हुइयाचं उदाहरण कडू आहे. या पक्ष्याच्या नराची चोच आखूड आणि भक्कम, मादीची लांब आणि कोयत्यासारखी वाकलेली. एकाच जातीत चोचींमध्ये एवढा फरक पक्षिजगतात क्वचितच दिसतो. वॉल्टर बुलर यांच्या न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी लंडनमधल्या कॉयलमान्स या डच चित्रकाराने काढलेली हुइयाची जोडी आजही त्या देशात सगळ्यांना ओळखू येते. बुलर स्वतः हुइया मारत आणि कातडी बाहेर पाठवत. १९०१ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राच्या हॅटमध्ये हुइयाचं शेपटीचं पीस खोवलं गेलं आणि पिसांना नवी मागणी आली. १९०७ नंतर हुइया दिसल्याची खात्रीची नोंद नाही. चित्राने पक्षी वाचतो असा भाबडा समज असेल तर तो इथेच सोडावा. ज्या कपाटात कातडी होती त्याच कपाटात ग्रंथ गेला.

मुंबईचाही असा एक दाखला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९०८ मध्ये स्टुअर्ट बेकर यांचा बदकांवरचा ग्रंथ काढला. त्यात हेन्रिक ग्रोनवोल्ड यांनी काढलेलं गुलाबी डोक्याचं बदक आहे. ग्रंथ शिकाऱ्यांनी आवडीने वाचला. १९४९ नंतर ते बदक कुणाला खात्रीने दिसलेलं नाही.

छाप योग्य जागी गेला की काय होतं, ते अमेरिकेने दाखवलं आणि तेही शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३४ मध्ये ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराकडे वन्यजीव खातं होतं. पाणथळ जागा विकत घ्यायला पैसा हवा होता. नियम झाला की बदकांची शिकार करायची तर एक डॉलरचं तिकीट घ्यावं लागेल. पहिल्या तिकिटावरचं चित्र डार्लिंगनेच काढलं, पाण्यावर उतरणारी दोन मॅलार्ड बदकं. तेव्हापासून दरवर्षी नवं चित्र निघतं. १९४९ पासून त्यासाठी चित्रकारांची खुली स्पर्धा होते. आता तिकीट पंचवीस डॉलरचं आहे. आजवर यातून शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि साठ लाख एकरांच्या आसपास पाणथळ, गवताळ जमीन राखली गेली. स्पर्धेतली चित्रं कलेच्या तराजूत फारशी भरत नाहीत. चकचकीत, घोटीव, जरा कॅलेंडरछाप. पण जमीन राखलेली आहे, त्याला काय म्हणणार!

ब्रिटनमध्ये काम आणि कला यांची सांगड रॉबर्ट गिलमोर यांच्या हातून जमली. वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा अ‍ॅव्होसेट तिथे विणीसाठी यायचा थांबला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून सफक किनाऱ्यावरची शेतं पाण्याखाली सोडली गेली आणि १९४७ मध्ये पक्षी आपणहून परतला. पक्षी संरक्षण संस्थेच्या बोधचिन्हावरचा अ‍ॅव्होसेट गिलमोर यांनीच काढला. २०१० पासून टपाल खात्याच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटांवर त्यांचे लिनोकट पक्षी आले. पत्र टाकायला गेलेल्या माणसाच्या हातात रॉबिन नि चिमणी पडू लागली.

लिनोकट हे माध्यम आपल्याकडच्या कलाशाळांतही रुळलेलं आहे आणि या विषयाला ते फार जवळचं आहे. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा तागाच्या कापडावर थापून केलेली ही मूळची फरशीवर अंथरायची चादर. ती कोरायला सोपी आणि स्वस्त. यंत्र नसलं तर चमच्याच्या पाठीने घासूनही छाप निघतो. मात्र तिला खडूचा मऊपणा जमत नाही. जे कोरलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. त्यामुळे पक्ष्यातलं काय ठेवायचं याचा निर्णय आधी करावा लागतो, आणि त्यासाठी पक्षी माहीत असावा लागतो.

रानपिंगळ्याचंच बघा. गावातल्या वडा-पिंपळावरचा साधा पिंगळा सगळ्यांना ठाऊक, डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय दणकट. कोरणाऱ्याने सवयीने डोक्यावर चार टोचे मारले की चित्र साध्या पिंगळ्याचं झालं. हा पक्षी १८८४ नंतर हरवलेलाच होता. १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना होता खरा, पण तो माइनर्ट्झहागन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ब्रिटिश म्युझियममधून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उकलली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा समोर बसलेला दिसला. दिवसाढवळ्या! आंध्रातल्या कडप्पा भागात १९८६ मध्ये जर्डनचा धाविक असाच पुन्हा सापडला, त्यातही गावकऱ्यांना पक्ष्याचं चित्र दाखवण्याचा वाटा होता. स्थानिक शिकाऱ्यानेच तो पक्षी आणून दाखवला.

चित्र गावापर्यंत जावं लागतं, ते हे असं. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात, स्मरणचित्रं काढतात. स्मरणात जे असेल तेच कागदावर येणार. शाळेच्या भिंतीवरच्या पक्ष्यांच्या तक्त्यात शहामृग आणि पेंग्विन हमखास सापडतात, माळढोक आणि तणमोर क्वचित. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. अभयारण्यात असलेल्या आणि आता बाहेर पडलेल्या गावांतल्या शाळांमध्ये हा पक्षी निदान भिंतीवर तरी असायला हवा.

म्हणून कलाशिक्षकांना आणि कलामहाविद्यालयांना एक विनंती. एका वर्गाने एका हंगामात माळढोक, तणमोर आणि रानपिंगळा असे तीन लिनो कोरायचे. आधी वनखात्याची परवानगी घेऊन, विणीचा काळ टाळून, घरट्यापासून लांब राहून पक्षी नाहीतर निदान त्याचा माळ आणि त्याचं रान बघून यायचं. आंतरजालावरचा फोटो गिरवायचा नाही. मग शंभर प्रती काढायच्या. प्रदर्शनासाठी दहा पुरेत, उरलेल्या नव्वद नान्नज, शहादा, तळोदा आणि मेळघाटातल्या शाळांना पाठवून द्याव्यात.